विश्लेषण : 'शोले' वाचला, बाकीच्या चित्रपटांचे काय? सिनेमाचा वारसा जपणे इतके अवघड का?

पन्नास वर्षांपूर्वीचा 'शोले' नव्या झळाळीसह मोठ्या पडद्यावर आला आणि जुन्या चित्रपटांच्या जतनाची चर्चा पुन्हा सुरू झाली. मात्र देशातील सर्वाधिक गाजलेल्या चित्रपटांपैकी एकाची मूळ निगेटिव्हच खराब झालेली होती, ही बाब या कौतुकात मागे पडली. 'शोले'ची ही अवस्था असेल तर पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या साध्या मराठी चित्रपटाचे काय झाले असेल? चित्रपट नष्ट का होतात, ते जपण्याची जबाबदारी कोणाची आणि जुन्या चित्रपटगृहांचे भवितव्य काय, याचा हा आढावा.

'शोले'बाबत नेमके काय घडले?

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला 'शोले' ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाला होता आणि ७० मिमीच्या भव्य पडद्यासाठी त्याच्या प्रती मोठ्या करण्यात आल्या होत्या. दुरुस्तीचे काम हाती घेतले तेव्हा मूळ कॅमेरा निगेटिव्ह वापरण्याजोगी राहिलेली नव्हती आणि ७० मिमीची एकही प्रत शिल्लक नव्हती. मुंबईतील 'फिल्म हेरिटेज फाउंडेशन' या संस्थेने लंडनमधील एका गोदामात आणि मुंबईत सापडलेल्या मधल्या टप्प्यांवरील प्रतींच्या आधारे हे काम सुरू केले. इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेत सुमारे तीन वर्षे ते चालले. जून २०२५ मध्ये बोलोन्याच्याच महोत्सवात हा चित्रपट दाखवण्यात आला. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आग्रहामुळे बदललेला शेवट त्यात मूळ स्वरूपात पाहायला मिळाला. म्हणजे 'शोले' वाचला तो परदेशातील गोदामात त्याचे डबे पडून राहिले होते म्हणून. प्रत्येक चित्रपटाच्या वाट्याला असा योग येत नाही.

आपण आजवर किती गमावले?

भारतात सुमारे १३०० मूकपट तयार झाले. त्यापैकी आज उपलब्ध आहेत ते जेमतेम तीसच्या आसपास, तेही बरेचसे अपूर्ण. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' (१९१२) आज अस्तित्वात नाही. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची (१९१३) लांबी चार रिळांची होती. त्यातील पहिले आणि शेवटचे रीळच उरले, आणि ते तरी १९१३ चे आहे की फाळके यांनी नंतर पुन्हा केलेल्या चित्रपटाचे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. बाबुराव पेंटर यांच्या 'सावकारी पाश' या मूकपटाचा (१९२५) उल्लेख भारतीय वास्तववादी सिनेमाच्या प्रत्येक इतिहासात येतो, पण तो पाहता मात्र येत नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेला 'आलम आरा' हा देशातील पहिला बोलपट. त्याचीही एकही प्रत शिल्लक नाही.

ही केवळ भारताची अडचण नाही. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या देशातील सुमारे ७० टक्के पूर्ण लांबीचे मूकपट कायमचे नष्ट झाले आहेत. मात्र तेथे निदान काय गेले याची मोजदाद झाली आणि उरलेले जपण्यासाठी यंत्रणा उभी राहिली.

रिळे नष्ट का होतात?

याची कारणे रसायनशास्त्रात आहेत आणि व्यापारातही. साधारण १९५० पर्यंतचे चित्रपट सेल्युलोज नायट्रेटच्या फिल्मवर काढले जात. हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही असतो. एकदा पेटला की बाहेरच्या हवेवाचूनही तो जळत राहतो, त्यामुळे ही आग विझवणे कठीण होते. त्यानंतर आलेली अ‍ॅसिटेट फिल्म पेट घेत नाही, पण उष्ण आणि दमट हवेत ती हळूहळू विघटित होते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, फिल्म आक्रसते, वेडीवाकडी होते आणि अखेर यंत्रावर चढवता येत नाही. शेजारच्या डब्यांनाही ही लागण होते. रंगीत चित्रपटांचे रंग उडतात ते वेगळेच. मुंबई-कोकणचा पावसाळा आणि विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा हे दोन्ही फिल्मचे शत्रू आहेत.

दुसरे कारण व्यापाराचे. चित्रपटाचा धंदा संपला की त्याच्या प्रती निर्मात्याला आणि वितरकाला जड होत. गोदामाचे भाडे भरण्यापेक्षा त्या भंगारात विकणे परवडत असे. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असल्याने ती काढून घेण्यासाठी हजारो रिळे वितळवली गेली. दूरचित्रवाणी येण्यापूर्वी जुन्या चित्रपटाला पुन्हा किंमत येईल असे फारसे कोणाला वाटतही नव्हते.

तिसरे कारण दुर्घटनांचे. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत कोल्हापुरातील भालजी पेंढारकर यांचा स्टुडिओ जाळण्यात आला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि ६०० हून अधिक चित्रपटांची सुमारे पाच हजार रिळे भस्मसात झाली. त्यातील अनेक चित्रपटांच्या सुरक्षित फिल्मवरील प्रती आधीच काढलेल्या होत्या, म्हणून ते पाहता येतात. पण प्रतीवरून काढलेल्या प्रतीत मूळ निगेटिव्हचा तपशील येत नाही.

जतन आणि रिस्टोरेशन यांत फरक काय?

बातम्या होतात त्या रिस्टोरेशनच्या. खराब झालेल्या चित्रपटाची प्रत्येक चौकट स्कॅन करून ओरखडे, डाग, थरथर काढणे, रंग आणि ध्वनी मूळ रूपाच्या जवळ नेणे, हे रिस्टोरेशन. ते खर्चिक आणि वेळखाऊ असते, त्यामुळे निवडक चित्रपटांच्याच वाट्याला येते. जतन हे त्याआधीचे आणि रोजचे काम आहे. रिळे थंड, कोरड्या जागी ठेवणे, ठरावीक काळाने तपासणे, खराब डबे वेगळे करणे, कोणत्या डब्यात काय आहे याची नोंद ठेवणे. याच्या बातम्या होत नाहीत. जतन नीट झाले नाही तर रिस्टोरेशनला हातात काहीच उरत नाही.

श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) हे याचे चांगले उदाहरण. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला हा चित्रपट २०२४ मध्ये कान महोत्सवात नव्या रूपात दाखवण्यात आला. हे शक्य झाले, कारण त्याची मूळ कॅमेरा निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली होती. तिच्यावर काळाच्या खुणा होत्या, पण ती होती. ध्वनी मात्र चित्रपटगृहांसाठी काढलेल्या एका प्रतीवरून घ्यावा लागला.

डिजिटल प्रत पुरेशी नाही का?

चित्रपट यूट्यूबवर दिसतो म्हणजे तो सुरक्षित आहे, हा मोठा गैरसमज आहे. तेथील अनेक जुने चित्रपट दूरचित्रवाणीसाठी किंवा व्हिडीओ कॅसेटसाठी केलेल्या प्रतींवरून आलेले असतात. त्यात चौकटीच्या कडा कापलेल्या असतात, गाणी किंवा प्रसंग गाळलेले असतात, स्पष्टता मूळच्या तुलनेत नाममात्र असते. अशी प्रत चित्रपटाची ओळख देते, मोठ्या पडद्यावर ती टिकत नाही.

उत्तम दर्जाची डिजिटल प्रतही आपोआप टिकत नाही. हार्ड डिस्क बंद पडतात, टेपचे नवे प्रकार येतात आणि जुने वाचणारी यंत्रे मिळेनाशी होतात. त्यामुळे दर काही वर्षांनी सगळा साठा नव्या माध्यमावर हलवावा लागतो. ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अकादमीने २००७ मध्ये केलेल्या अभ्यासात, डिजिटल मूळ प्रत सांभाळण्याचा वार्षिक खर्च फिल्मच्या तुलनेत सुमारे ११ पट येतो, असे दिसले होते. तंत्रज्ञान त्यानंतर स्वस्त झाले, पण सतत स्थलांतर करत राहण्याची गरज कायम आहे.

म्हणूनच २०१० नंतर डिजिटल कॅमेऱ्यावर तयार झालेले चित्रपटही धोक्याबाहेर नाहीत. जुने रीळ पन्नास वर्षे माळ्यावर पडून राहिले तरी त्यातून काही ना काही हाती लागू शकते. दुर्लक्षित हार्ड डिस्क दहा-पंधरा वर्षांनी सुरू झाली नाही, तर बहुधा काहीच हाती लागत नाही. कमी भांडवलात चित्रपट करणारे अनेक मराठी निर्माते चित्रपट प्रदर्शित झाल्यावर मूळ साहित्य दोन-तीन डिस्कवर ठेवून पुढच्या कामाला लागतात. 'आलम आरा'ची पुनरावृत्ती आपल्याच काळातील चित्रपटांबाबत होऊ शकते ती अशी.

पुण्याच्या संग्रहालयाची भूमिका काय?

केंद्र सरकारने १ फेब्रुवारी १९६४ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना केली. प्रभात फिल्म कंपनीच्या ज्या आवारात १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली होती, तिच्या शेजारीच हे संग्रहालय आकाराला आले. पी. के. नायर यांनी १९६५ पासून १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते अक्षरशः उभे केले. निर्मात्यांचे वारस, बंद पडलेले स्टुडिओ, भंगारवाले असा सर्वत्र शोध घेत त्यांनी सुमारे १२ हजार चित्रपट जमवले. फाळके यांच्या चित्रपटांचे जे अवशेष आज पाहायला मिळतात, त्याचे बरेचसे श्रेय त्यांना जाते. 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) हा माहितीपट त्यांच्यावरच आहे.

मात्र एका व्यक्तीच्या ध्यासावर उभी राहिलेली संस्था त्या व्यक्तीनंतर कशी चालते, हा प्रश्न राहिलाच. नोंदवहीतील आकडे आणि प्रत्यक्षातील डबे यांत मोठी तफावत असल्याचे २०१७ मध्ये वृत्तपत्रांतून पुढे आले. केंद्राने 'राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान' हाती घेतले असून त्याचा मंजूर खर्च सुमारे ५९७ कोटी रुपये आहे. त्यातून २२०० चित्रपटांच्या रिस्टोरेशनसाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा मे २०२२ मध्ये झाली. त्याच वर्षी हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीमध्ये विलीन करण्यात आले. वारसा जपणारी संस्था चित्रपटनिर्मिती आणि व्यवसाय पाहणाऱ्या महामंडळाचा भाग झाल्याने जतनाकडे दुर्लक्ष होईल, अशी भीती तेव्हा अनेक चित्रपटकर्मींनी व्यक्त केली होती.

अभियानाची फळे मराठी प्रेक्षकांपर्यंतही पोहोचू लागली आहेत. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' (१९५३) गोव्यातील 'इफ्फी' महोत्सवात २०२३ मध्ये, तर फाळके यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) २०२४ मध्ये नव्या रूपात दाखवण्यात आला.

याबाबत कायदा काय सांगतो?

देशात पुस्तक प्रकाशित झाले की त्याची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवणे १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकावर बंधनकारक आहे. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यात येते. चित्रपटाची जतन करण्याजोगी मूळ प्रत राष्ट्रीय संग्रहालयात जमा करण्याची अशी सर्वसाधारण सक्ती नाही. प्रमाणपत्रासाठी सेन्सॉरकडे दिलेली प्रत ही तपासणीच्या कामाची असते, जतनाच्या दर्जाची नव्हे. म्हणजे चित्रपट टिकेल की नाही हे निर्मात्याच्या इच्छेवर, ऐपतीवर आणि त्याच्या वारसांवर अवलंबून राहते. फ्रान्समध्ये चित्रपट जमा करणे कायद्यानेच बंधनकारक आहे. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानुसार दरवर्षी २५ चित्रपट राष्ट्रीय नोंदवहीत घेतले जातात.

दुसरी गुंतागुंत हक्कांची. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे राहतो. तोवर संग्रहालयाकडे प्रत असली तरी हक्कधारकाच्या परवानगीशिवाय ती लोकांना दाखवता येत नाही. जुन्या कंपन्या बंद झालेल्या असतात, वारस अनेक असतात किंवा सापडत नाहीत. अशा वेळी खर्च करून चित्रपट वाचवायला कोणीच पुढे येत नाही.

चित्रपटगृहांचा वारसा कसा जपला जातो?

चित्रपट पाहण्याच्या जागांचा इतिहास तर त्याहून वेगाने पुसला जात आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलतचित्रांचा खेळ मुंबईच्या ज्या वॉटसन हॉटेलमध्ये झाला, ती काळा घोडा येथील इमारत मोडकळीस आल्याने २०१९ मध्ये रिकामी करण्यात आली. 'राजा हरिश्चंद्र' दाखवणारे गिरगावातील कॉरोनेशन आणि 'आलम आरा' दाखवणारे मॅजेस्टिक ही दोन्ही चित्रपटगृहे आता नाहीत. पुण्यातील 'प्रभात' २०१४ च्या अखेरीस भाडेकरार संपल्यावर मूळ मालकांकडे गेले. तेथे पुन्हा चित्रपट सुरू झाले, पण पाटीवरचे 'प्रभात' हे नाव गेले.

वारसा इमारत म्हणून संरक्षण मिळाले तर ते प्रामुख्याने वास्तूला मिळते, तिच्या वापराला नाही. १९३८ मध्ये उघडलेले चर्चगेटचे 'इरॉस' हे मुंबईच्या आर्ट डेको वास्तुसमूहाचा भाग आहे आणि या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. काही वर्षे बंद राहून ते २०२४ मध्ये सुरू झाले तेव्हा बाह्यरूप टिकले, पण हजाराहून अधिक प्रेक्षकांच्या सभागृहाच्या जागी सुमारे ३०० आसनांचा आयमॅक्स पडदा आला. इमारत पाडली जाण्यापेक्षा ही तडजोड बरी, असे म्हणणारेही आहेत. १९९३ पासून बंद असलेले रॉयल ऑपेरा हाउस मात्र काटेकोर डागडुजीनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा खुले झाले. मालकाची इच्छा, पैसा आणि जाणकार वास्तुतज्ज्ञ एकत्र आले की काय होऊ शकते, याचे ते उदाहरण.

कोल्हापुरात दोन्ही प्रकारचे घाव एकाच शहराने सोसले. भालजींच्या जयप्रभा स्टुडिओच्या जागेचा व्यवहार झाल्याचे २०२२ मध्ये उघड होताच तेथे आंदोलन उभे राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला जळाले. ते पूर्वीसारखेच उभारण्याची घोषणा झाली. अशा वेळी जुने आराखडे, छायाचित्रे, मोजमापे जपलेली असतील तरच 'पूर्वीसारखे' या शब्दाला अर्थ राहतो.

गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकून चित्रपट दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीजचा तर वारसा म्हणून विचारही झाला नाही. त्यांच्या शेवटच्या पर्वाची नोंद 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या माहितीपटाने केली. कान महोत्सवात त्याची दखल घेतली गेली.

घरात जुने रीळ किंवा पोस्टर असेल तर?

चित्रपट व्यवसायाशी संबंधित अनेक कुटुंबांच्या माळ्यावर आजही डबे, गाण्यांच्या पुस्तिका, पोस्टर, छायाचित्रे पडून असतात. जुने रीळ प्रोजेक्टरवर चालवून पाहू नये, ते तुटू शकते. आंबट वास येणारा डबा इतरांपासून वेगळा ठेवावा. १९५० पूर्वीची फिल्म असण्याची शक्यता असेल तर ती उष्णता आणि ज्वालेपासून दूर ठेवून संग्रहालयाला कळवावे. पोस्टर लॅमिनेट करू नये, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. छायाचित्रांमागे ठिकाण, वर्ष आणि माणसांची नावे पेन्सिलने लिहून ठेवली तरी पुढच्या अभ्यासकाचे निम्मे काम होते. डब्यावरचे नाव आणि आतले रीळ वेगळे असू शकते, त्यामुळे 'हा चित्रपट तर सर्वांकडे आहे' असे समजून डबा टाकून देऊ नये.

पुढे काय व्हायला हवे?

तातडीची गरज तीन गोष्टींची आहे. पहिली, पुस्तकांप्रमाणे चित्रपट जमा करण्याचा कायदा, ज्यात डिजिटल चित्रपटांचाही समावेश असेल. दुसरी, मराठी चित्रपटांची शिरगणती. कोणत्या चित्रपटाची निगेटिव्ह कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, हक्क कोणाकडे आहेत याची एकत्रित सार्वजनिक यादी झाली तर कोणाला आधी वाचवायचे हे ठरवता येईल. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते. सार्वजनिक पैशातून मदत मिळालेल्या चित्रपटाची जतनयोग्य मूळ प्रत संग्रहालयात पोहोचली की नाही, हे पाहणे त्यामुळे सरकारचेच काम ठरते. तिसरी, प्रशिक्षित माणसे. रीळ हाताळणारे, दुरुस्त करणारे जुने तंत्रज्ञ प्रयोगशाळा बंद पडल्यावर पांगले आणि त्यांची जागा घेणारे फार थोडे आहेत.

'शोले'सारख्या चित्रपटासाठी पैसा उभा राहू शकतो, कारण त्याचे तिकीट विकले जाते. ज्याचे तिकीट विकले जाणार नाही, पण ज्यात १९५० च्या दशकातील कोल्हापूरचा रस्ता, तेव्हाची बोली, तमाशाचा फड किंवा गिरणगावातील चाळ टिपली गेली आहे, अशा चित्रपटासाठी बाजार धावून येणार नाही. तो वाचवायचा तर कायदा, सरकारी तरतूद आणि नोंद ठेवण्याची शिस्त यांचाच आधार आहे. ही व्यवस्था उभी राहीपर्यंत गोदामांतील डबे प्रत्येक पावसाळ्यागणिक थोडे थोडे खराब होतच राहतील.